तिसरीच्या वर्गात डोकावलंत का?

ताईचा फोन आला तेव्हा मी दादर स्टेशनच्या पुलावर गर्दीत अडकले होते. "छोटीला म्युनिसिपालिटीच्या शाळेत घालायचं चाललंय आमचं. तू पत्रकार ना? मग सांग, शाळा चांगली की वाईट ते ओळखायचं कसं?"

कुठला मोबाइल घ्यावा, पावभाजी कुठे खावी, कुठल्या जिममध्ये ट्रेनर बरा आहे, यावर मी एका श्वासात लेक्चर देऊ शकते. शाळेच्या प्रश्नावर मात्र आपली बत्ती गुल!

ताई म्हणजे माझी मावसबहीण. लालबागच्या चाळीत राहते. ताई-जिजू दोघंही नोकरीवाले. जवळच्या इंग्रजी शाळेची फी, बस आणि 'अॅक्टिव्हिटी' मिळून जो आकडा आला, त्यात दोघांचा अडीच महिन्यांचा पगार साफ झाला असता. म्हणून त्यांनी शाळेचा हा विचार फॅमिली ग्रुपवर टाकला. तीन मिनिटं शांतता. मग मेसेजची लाइनच लागली. आजी म्हणाली, आम्ही सगळे तिथेच शिकलो. मामा म्हणाला, तेव्हाची गोष्ट वेगळी होती. मामी म्हणाली, पोरीच्या आयुष्याशी खेळू नका.

गंमत अशी, की यातल्या एकानेही गेल्या वीस वर्षांत पालिकेच्या शाळेची पायरी चढलेली नव्हती. मतं मात्र सगळ्यांकडे तयार. माझ्याकडेही होतंच की! म्हणून ठरवलं, आधी जाऊन बघायचं.

आजीची शाळा, मामाची शाळा

खरंतर आजी आणि मामा दोघंही बरोबर होते. मुंबई शहरासाठी प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला १९२० मध्ये. मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाची सुरुवात झाली १९२५ मध्ये, तीही एफ आणि जी वॉर्डात. म्हणजे आपल्याच लालबाग, परळ, दादर, वरळीच्या पट्ट्यात. गिरणी कामगारांच्या कितीतरी पोरांनी याच शाळांत पाटी धरली.

मग १९८२ चा संप आला. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, माणसं डोंबिवली-विरारला गेली, गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले. जे मागे उरले त्यांनी पोटाला चिमटा काढून मुलांना इंग्रजी शाळेत घातलं. पालिकेच्या मराठी शाळांचा पट घसरत गेला. गिरगावातही चाळी रिकाम्या होत गेल्या तशी शाळांतली गर्दी ओसरली.

आता पालिकेनेही कात टाकलीय. पाट्यांवर 'मुंबई पब्लिक स्कूल' आलं. २०२१ मध्ये सीबीएसईच्या नव्या शाळा उघडल्या, त्यात दादरची भवानी शंकर रोडची शाळाही होती. २०२२ मध्ये माटुंग्याच्या एल. के. वाघजी शाळेत चक्क केंब्रिज बोर्ड आलं. सीबीएसईच्या जागांसाठी इतके अर्ज आले की लॉटरी काढावी लागली. तेव्हा 'म्युनिसिपालिटीची शाळा' असं एकच काही नसतं, हा पहिला धडा. एकाच गेटमधून आत गेल्यावर मराठी, हिंदी, उर्दू अशा वेगवेगळ्या शाळा भरतात. सकाळ अधिवेशन वेगळं, दुपार अधिवेशन वेगळं, मुख्याध्यापकही वेगळे. बाहेरून इमारत बघून मत बनवणं म्हणजे फूड कोर्टच्या दारात उभं राहून डोशाला मार्क देण्यासारखं!

टाइल्स विरुद्ध बादली

आठवड्याभरात आम्ही दोन शाळा बघितल्या. नावं सांगत नाही, कारण मुद्दा नावांचा नाही.

पहिली एकदम चकाचक. नव्या टाइल्स, भिंतींवर कार्टून, वर्गात प्रोजेक्टर. ताई तिथेच फिदा. दुसरीच्या जिन्याच्या पायऱ्या झिजलेल्या, व्हरांड्यात गळतीखाली बादली, मुलींच्या टॉयलेटची कडी तुटलेली. जिजू तर गेटमधूनच मागे फिरायला निघाले होते.

दोन्हीकडे मुख्याध्यापकांना विचारून आम्ही तिसरीच्या वर्गात दहा-पंधरा मिनिटं बसलो. तिसरीच का? कारण तिथे पितळ उघडं पडतं. पहिली-दुसरीत मुलं वाचायला शिकतात, तिसरीनंतर वाचून शिकायचं असतं. परिसर अभ्यासाचा धडा असो की गणितातला 'रामूकडे बारा आंबे होते', वाचता आलं नाही तर पोरगं तिथेच गळतं. वरच्या वर्गात ढकललं जातं, पण गळालेलंच असतं.

चकाचक शाळेत बाई फळ्यावर उत्तरं लिहीत होत्या आणि मुलं ती वहीत उतरवत होती. अक्षर सुंदर! मी शेजारच्या मुलाला हळूच म्हटलं, "मला वाचून दाखवशील, काय लिहिलंयस?" तो हसला. वही माझ्याकडे सरकवली आणि म्हणाला, "तुम्हीच वाचा ना." शब्द त्याने चित्रासारखे काढले होते.

गळक्या शाळेत अर्धा वर्ग आपापलं गोष्टीचं पुस्तक वाचत होता. बाई जमिनीवर बसल्या होत्या, पाच मुलांना घेऊन, शब्दकार्डं मांडून. त्यातला एक तीन महिन्यांपूर्वीच गावाहून आलेला. बाईंकडे एक साधी दोनशे पानी वही होती. प्रत्येक मुलाचं एक पान. जूनमध्ये कुठे होता, आता कुठे आहे. फक्त अक्षरं, मग शब्द, मग वाक्यं, मग गोष्ट. "हुशार मुलं माझ्याशिवायही शिकतात हो," बाई म्हणाल्या, "माझी परीक्षा या पाच जणांत आहे."

बाहेर आल्यावर ताई बराच वेळ काही बोलली नाही.

बाईंची वही आणि नोबेल

बाई जे करत होत्या त्याला मुंबईचाच मोठा इतिहास आहे. 'प्रथम' ही संस्था नव्वदच्या दशकात इथल्याच वस्त्यांमध्ये सुरू झाली. तिचा एक उपक्रम होता 'बालसखी'. वस्तीतलीच एखादी शिकलेली मुलगी तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वेगळं घेऊन बसायची आणि त्यांना जिथे अडतं तिथून शिकवायची. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई आणि वडोदऱ्यातल्या पालिका शाळांमध्ये अर्थतज्ज्ञांनी हे मोजून पाहिलं. काही वर्गांना बालसखी दिली, काहींना नाही, आणि फरक तपासला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की मुलांचे गुण वाढले आणि सगळ्यात जास्त फायदा झाला तो सगळ्यात मागे असलेल्या मुलांना. या अभ्यासातले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना पुढे २०१९ मध्ये नोबेल मिळालं, गरिबी हटवण्याच्या उपायांचे असे प्रयोग करून बघण्याच्या पद्धतीसाठी.

याच 'प्रथम'ने २००५ पासून 'असर' हा सर्व्हे सुरू केला. त्याची चाचणी एका कागदावर मावते. अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. बस्स! हा सर्व्हे ग्रामीण भागात होतो, त्यामुळे लालबाग-परळचा आकडा त्यात सापडणार नाही. पण २०२४ च्या 'असर'प्रमाणे ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या फक्त २३.४ टक्के मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला. आणि खासगी शाळांची कॉलर ताठ व्हायचं कारण नाही. तिथेही हा आकडा निम्म्यापर्यंत पोचत नाही. २०२१ मध्ये केंद्र सरकारने 'निपुण भारत' आणलं तेही यासाठीच. तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द, समजून वाचावेत, हे त्यातलं एक लक्ष्य.

आकडे बोलतात, पण अर्धंच

ताई अकाउंट्समधली. तिला आकडे हवेत. ते मिळतात. प्रत्येक शाळेला ११ आकडी यूडायस कोड असतो आणि त्यावरून शाळेचं रिपोर्ट कार्ड ऑनलाइन बघता येतं. शिक्षक किती, मुलं किती, टॉयलेट, पाणी, लायब्ररी, सगळं.

पण आकडा वाचायचाही एक फंडा आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक हवा. कार्डावर १५ मुलांमागे एक दिसला की आपण खूश! थांबा. पट घसरलेल्या शाळेत हेच दिसणार. त्याच कायद्यात असंही आहे, की पाच वर्गांत मिळून ६० पर्यंत मुलं असतील तर दोन शिक्षक पुरेत. म्हणजे एकच बाई एका वेळी दोन-तीन इयत्ता सांभाळणार. तेव्हा प्रमाण विचारू नका. 'तिसरीला स्वतःच्या बाई आहेत का?' हे विचारा. आणि त्या वर्गात किती दिवस असतात तेही, कारण निवडणूक आणि जनगणनेच्या ड्युट्या कायद्यानेच त्यांच्या गळ्यात आहेत.

दुसरी गफलत निकालांची. नावाजलेल्या शाळेतल्या मुलांच्या घरी पुस्तकं असतात, ट्यूशन असते, होमवर्क घेणारी आई असते. पालिकेची शाळा जो येईल त्याला घेते. जिममध्ये आधीपासूनच सिक्स पॅक असलेली मंडळी भरती केली, तर त्यात ट्रेनरचं कौतुक काय? मूल आलं तेव्हा कुठे होतं आणि आता कुठे आहे, हा खरा हिशोब. तो बाईंच्या दोनशे पानी वहीत होता.

तुमची चेकलिस्ट

• शाळा भरलेली असताना जा. मुख्याध्यापकांची परवानगी घ्या आणि तिसरीत दहा मिनिटं बसा.

• मुलांची परीक्षा घेऊ नका. 'मला गोष्ट वाचून दाखवशील?' एवढंच म्हणा. पुढच्या नाही, मागच्या बाकावरच्या मुलाला.

• वह्या बघा. सगळ्यांची उत्तरं शब्दन् शब्द सारखी असतील तर ते कॉपीकाम. मुलांची स्वतःची, चुकलेली आणि दुरुस्त केलेली वाक्यं दिसली तर आनंद माना.

• लायब्ररीची पुस्तकं हाताळून मळलीत की कपाटात कोरी आहेत?

• हजेरी विचारा. पटावर किती आणि आज वर्गात किती?

• टॉयलेट स्वतः बघा. पाणी पिऊन बघा. मुलींची कडी लागते का बघा.

• शाळा व्यवस्थापन समितीची शेवटची मीटिंग कधी झाली, काय ठरलं, ते विचारा.

शेवटचा मुद्दा आम्हालाही नवा होता. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. शाळेचा विकास आराखडा करणं, अनुदान कुठे जातं बघणं, हे समितीचं काम. खासगी शाळेत तक्रार केली तर 'पटत नसेल तर दुसरी शाळा बघा' हे ऐकणारे पालक मला माहीत आहेत. इथे खुर्चीच तुमची आहे. मात्र ज्या पालकांना मीटिंगला जाण्यासाठी रोजंदारी बुडवावी लागते, त्यांच्याने ती भरत नाही. आणि ज्यांना अर्धी रजा टाकता येते, ते आपल्यासारखे लोक शाळा सोडून गेलेत. शाळा बिघडली म्हणून आपण गेलो, की आपण गेलो म्हणून बिघडली? दोन्ही थोडं थोडं खरं असावं.

तरीही मामीचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. कुणाच्याही पोरीने समाजसुधारणेचं ओझं पाठीवर घेऊन पहिलीत जाऊ नये. ताईने गळकी शाळा निवडली ती आदर्शवादातून नाही. "ज्या वर्गात मागे पडलेल्याला सोडून देत नाहीत," ती म्हणाली, "तिथे माझी पोरगी मागे पडली तरी मला झोप लागेल."

जूनमध्ये छोटी शाळेत गेली. दप्तर, रेनकोट, वह्या, बूट, सगळं पालिकेकडून. तिचं इंग्रजी अजून यथातथाच आहे, गळती दुरुस्त झालेली नाही, आणि मध्ये दोन आठवडे बाई ड्युटीवर असल्याने दोन वर्ग एकत्र बसले. जिजूंचं म्हणणं, एक वर्ष बघू. ताई समितीवर निवडून आली. तिने पहिला विषय मांडला टॉयलेटच्या कडीचा. कडी बसली.

दिवाळीच्या खरेदीला आम्ही चिवडा गल्लीत गेलो होतो. छोटी एका पाटीसमोर मध्येच थांबली. सगळी गर्दी तिच्यामागे तुंबली. बोट नाचवत तिने अक्षर अक्षर लावलं, "चि... व... डा." मग मान वर करून पुढच्या दुकानाच्या पाटीकडे बघितलं.

जिजूंनी फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. पहिला अंगठा मामीचा आला.