दुष्काळ पाहिलेल्या माणसाची पेरणी

परभणी जिल्ह्याच्या सोनपेठ तालुक्यातील साठी उलटलेल्या एखाद्या कास्तकाराचे शिवार पावसाळ्यात न्याहाळले, तर कपाशीच्या काही तासांमागे तुरीचे एक तास, बांधालगत घरापुरते मूग-उडीद आणि रब्बी ज्वारीसाठी राखलेला काळ्या रानाचा तुकडा अशी जी मांडणी नजरेस पडते, ती निव्वळ परंपरा नव्हे. 1972 च्या दुष्काळात मायबापांबरोबर खडी फोडण्याच्या कामावर गेलेल्या, सुकडीवर आणि परदेशी मिलोच्या भाकरीवर दिवस काढलेल्या मुलाने प्रौढपणी घेतलेली ती खबरदारी आहे, असे मला वाटते.

त्याच 1972 साली परभणीस कृषी विद्यापीठ स्थापन झाले, आणि आंतरपिकाची जी शिफारस ते करते तिच्यामागेही हेच तत्त्व आहे: सोयाबीन शंभरेक दिवसांत हाती येते, तूर खोल मुळांच्या आधारे हिवाळ्यापर्यंत उभी राहते, म्हणून श्रावणात पावसाने ओढ दिली तरी दोन्ही पिके एकदम बुडत नाहीत.

भोगलेल्या अनुभवाचा हा ठसा इतरत्रही आढळला आहे. उल्रिके माल्मेंडियर आणि स्टेफान नागेल या अर्थशास्त्रज्ञांनी 2011 साली दाखवून दिले, की शेअरबाजाराची पडती वर्षे ज्यांनी अनुभवली ते अमेरिकन लोक पुढे दीर्घकाळ शेअरांत पैसा घालण्यास कचरतात. ताजा अनुभव अधिक जोर धरतो खरा, परंतु जुनाही सहजासहजी पुसला जात नाही. आणि एकच दुष्काळ सर्वांना एकच धडा देतो असेही नाही, कारण ज्या वाड्यात पेव ज्वारीने भरलेले होते तेथल्या मुलाने टंचाई पाहिली, भूक पाहिली नाही. तो पुढे सगळे रान एका नगदी पिकाखाली घालण्यास धजला, तर त्यात नवल ते काय?

मात्र बालपण जे संकट दाखवते, त्याच्याच विरुद्ध मनुष्य तटबंदी उभारतो. पाऊस बुडण्याचे भय बाळगणाऱ्या या पिढीने भाव कोसळण्याचे संकट लहानपणी पाहिले नव्हते. म्हणूनच पोटापुरती ज्वारी कणगीत राखणारा तोच हात सोयाबीन मात्र रास होताच आडतीवर घालतो. त्याला देणेकऱ्यांचा तगादाही कारण आहे, हे नाकारता येत नाही. परंतु 2024 च्या हंगामात सोयाबीनला क्विंटलमागे 4,892 रुपये हमीभाव असताना बाजारात त्याहून कमी दर मिळाला, तेव्हा पिके वाटून पेरण्याइतकेच विक्रीही वाटून करणे अगत्याचे होते, आणि बाजार समितीत माल तारण ठेवून उचल देणारी योजना तर 1990 पासून चालत आलेली आहे.