खाऱ्या पाण्याची मळी

प्रोटीन स्किमर म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीतली घाण फेसावाटे बाहेर काढणारे यंत्र. उभ्या नळकांड्यात पंप हवा आणि पाणी एकत्र घुसळतो आणि बारीक बुडबुड्यांचा दाट, पांढरा स्तंभ उभा राहतो. माशांची विष्ठा, उरलेले खाद्य, अंगावरचा बुळबुळीत स्राव यांतून प्रथिने आणि स्निग्ध द्रव्ये पाण्यात उतरतात. त्यांच्या रेणूंचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते, दुसरे पाणी टाळते. त्यामुळे बुडबुड्याच्या कडेला, हवा आणि पाणी भेटतात तिथे ते चिकटून बसतात. फेस गळ्यातून वर चढताना त्यातले पाणी निथळते आणि उरलेला घट्ट फेस वरच्या कपात सांडतो. कपात साठतो तो गडद तपकिरी द्रव. झाकण उघडले की त्याचा कुजका, खारट वास खोलीभर पसरतो. चांगल्या जुळवणीची पहिली खूण हा वासच.

कराड, वाळवा, शिराळा भागातल्या गुऱ्हाळावर हेच काम आचेवर चालते. काहिलीतला रस तापला आणि त्यात भेंडीचे पाणी पडले की मळी वर येते. ती घाईने काढली तर तिच्याबरोबर रसही जातो; उशीर झाला तर उकळीत ती पुन्हा मिसळते. स्किमरला चुलवाण नाही, पण मळी कुठे संपते आणि रस कुठे सुरू होतो हे ओळखण्याचे गुळव्याचे कसब इथेही लागते.

गोड्या पाण्यात हे यंत्र जवळजवळ निरुपयोगी ठरते. तिथे बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि फुटतात. क्षारांमुळे समुद्राच्या पाण्यात ते बारीक आणि सुटे राहतात. सातारा-सांगलीत समुद्र सह्याद्रीपलीकडे असल्याने हे खारे पाणी घरीच बनवावे लागते. आरओच्या पाण्यात दर लिटरला सुमारे 35 ग्रॅम कृत्रिम समुद्री मीठ, म्हणजे 200 लिटरच्या टाकीला साधारण 7 किलो. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, कारण त्यात समुद्रातले मॅग्नेशियम, कॅल्शियम नसते. इतक्या खर्चाने बनवलेले पाणी वरचेवर ओतून देणे परवडत नाही, म्हणून समुद्रापासून दूरच्या टाकीत स्किमरचे मोल वाढते. शिवाय परदेशातल्या टाक्यांत पाणी शुद्ध ठेवायला जिवाणूंनी भरलेला प्रवाळखडक वापरतात. भारतात प्रवाळांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. तो खडक इथे ठेवणे बेकायदा आहे आणि ते योग्यच आहे. इथे सच्छिद्र सिरॅमिकचे तुकडे आणि स्किमर यांच्यावरच भिस्त ठेवावी लागते.

जुळवणीची सुरुवात कपाकडे न बघता सम्पमधल्या पाण्याच्या पातळीकडे बघून करावी. स्किमर सहसा टाकीखालच्या सम्पमध्ये उभा असतो आणि त्याला किती खोल पाणी हवे हे बनवणारा सांगतो. बहुतेकांना 18 ते 25 सेंटिमीटर लागते. ही पातळी बोटभर चढली तर आतला फेसही चढतो. झडप फिरवून फिरवून हैराण होणाऱ्यांचा दोष बहुतेक वेळा इथे असतो. सांगलीत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या आसपास जातो. तेव्हा टाकीतून रोज पाणी उडते आणि घट दिसते ती सम्पमध्येच. सकाळी नीट चाललेला स्किमर दुसऱ्या दिवशी कोरडा पडतो, आणि कोणीतरी एकदम बादलीभर पाणी ओतले की कप भरून वाहतो. ही तूट बिनमिठाच्या पाण्यानेच भरायची असते, कारण उडते ते पाणी, मीठ मागे राहते. ती थोडी थोडी, आपोआप भरणारी सोय केली की निम्मी जुळवणी झाली.

नवा स्किमर पहिल्या दिवसापासून घट्ट फेस देत नाही. प्लॅस्टिकवर राहिलेला तेलकट थर निघायला काही दिवस, कधी दोन आठवडे जातात. तोवर बाहेर जाणाऱ्या पाण्याची झडप पूर्ण उघडी ठेवावी. मग ती किंचित आवळायची. आतले पाणी चढते. बुडबुड्यांचा उकळता स्तंभ आणि त्यावरचा संथ फेस यांच्यामध्ये एक रेषा दिसते. ती गळ्याच्या तळाशी आली की हात काढून घ्यायचा आणि एक दिवस काहीही करायचे नाही. एवढी वाट पाहणे हेच या कामातले सर्वांत अवघड पाऊल आहे. फेस तासागणिक बदलतो. तेलकट खाद्य घातले की तो काही तास बसतो. क्लोरीन घालवणारे औषध टाकले की उफाळतो. अशा वेळी झडपेला हात लावला तर उद्याची जुळवणीही बिघडते.

रेषा खाली ठेवली तर कपात थोडा, काळपट, अतिशय दुर्गंधी द्रव येतो. वर ठेवली तर चहाच्या रंगाचे पाणी भराभर येते. त्यात घाण जास्त निघते, पण खारे पाणीही जाते. त्या जागी गोडे पाणी भरले जात असल्याने टाकीची क्षारता हळूहळू उतरते आणि रिफ्रॅक्टोमीटरने ती तपासत राहावे लागते. माशांची गर्दी असेल तर पातळ फेस चांगला; मोजके क्लाउनफिश असतील तर घट्ट.

या यंत्राकडून किती अपेक्षा ठेवावी? पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन यांनी 2009 च्या सुमारास स्किमरांच्या चाचण्या घेतल्या. पाण्यातल्या मोजता येणाऱ्या सेंद्रिय कार्बनपैकी 20 ते 35 टक्केच स्किमर काढतो, बाकीचा फेसाला चिकटतच नाही, असे त्यांना आढळले. चाचणीतल्या वेगवेगळ्या बनावटींत ठळक फरकही दिसला नाही. 20 ते 35 टक्के हा आकडा महागडे यंत्र घेण्याआधी प्रत्येकाने लक्षात ठेवावा. उरलेल्यासाठी खाद्य आवरते घेणे आणि ठरावीक दिवसांनी थोडे पाणी बदलणे यांना पर्याय नाही. अर्थात, घुसळणीमुळे पाण्यात मिसळणारा प्राणवायू हा स्किमरचा दुसरा मोठा उपकार आहे. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, त्यामुळे आपल्या उन्हाळ्यात तो अधिकच मोलाचा.

देखभाल साधी, पण नेमाने व्हावी लागते. गळ्यावर चिकट थर बसला की फेस वर चढत नाही. म्हणून गळा आणि कप दर दोन-तीन दिवसांनी, साबण न लावता, पुसावा. हवेच्या नळीच्या तोंडाशी मीठ साचते, ते कोमट पाण्याने सुटते. पंपावरचे चुन्याचे थर व्हिनेगरमध्ये बुडवून निघतात.

वीज गेली की वरच्या टाकीतले पाणी सम्पमध्ये उतरते आणि वीज परतताच चढलेल्या पातळीमुळे कप वाहतो. त्यामुळे वीज आल्यावर काही मिनिटांनी स्किमर सुरू करावा. वीज दीर्घकाळ गेली, जशी 2019 च्या महापुरात सांगलीच्या अनेक भागांत गेली होती, तर इन्व्हर्टरची शक्ती टाकीतला प्रवाह आणि हवेचा पंप यांना द्यावी. स्किमरच्या पोटात कोंडलेले पाणी तोवर नासते. ते ओतून टाकल्याशिवाय यंत्र सुरू करू नये.

कपातला द्रव खत म्हणून झाडांना घालण्याचा मोह काहींना होतो. त्यात मीठ असते. कृष्णाकाठच्या कितीतरी जमिनी आधीच क्षारपड झाल्या आहेत. कप आणि बदललेले खारे पाणी बागेत किंवा शेताच्या बांधावर न टाकता मोरीतच ओतावे.