शेवरलेची ‘स्टोव्हबोल्ट’ इंजिनं: दिसायला सारखी, मग हेड बदलताना घोळ का होतो?

१९२९ मध्ये अमेरिकेत शेवरलेने आपल्या ट्रकला सहा सिलिंडरचं इंजिन दिलं. त्याचे खाचेचे बोल्ट शेगडीच्या बोल्टसारखे, म्हणून लोकांनी नाव ठेवलं ‘स्टोव्हबोल्ट’.

१९३७ मध्ये २१६ घनइंचाचं, म्हणजे साधारण ३.५ लिटरचं इंजिन आलं. यात कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगना ऑइल प्रेशरने मिळत नसे. रॉडच्या तळाचे छोटे चमचे ते उचलत. संथ ट्रकला एवढं पुरायचं. सतत जोरात पळवलं, की बेअरिंग जायची.

१९५४ मध्ये ट्रकच्या २३५ ला पूर्ण प्रेशरने ऑइल मिळू लागलं आणि जड ट्रकसाठी २६१ आलं. २३५ चं हेड २६१ वर बसतं. गंमत इथेच आहे. २६१ चे शेजारचे सिलिंडर जोडलेले, मधून पाणी फिरत नाही. वाफ निघायला ब्लॉकमध्ये बारीक छिद्रं असतात. २३५ च्या हेडमध्ये ती नसतात. ड्रिलने पाडली नाहीत, तर वाफ कोंडते आणि इंजिन तापतं.

२१६ ओळखणं सोपं: बाजूचं झाकण स्पार्क प्लगच्या वरपर्यंत जातं. १९५४ नंतरच्या २३५ चं प्लगच्या खालीच संपतं. पण २३५ की २६१? तिथे नजरेवर विसंबू नये, ब्लॉकवरचा कास्टिंग नंबरच बघावा.