हवाईतील ‘रॉयल ऑर्डर ऑफ कामेहामेहा’ : राजसन्मान, मानचिन्ह आणि सार्वभौमत्व

प्रस्तावना :
पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांचे एकत्रीकरण पहिला कामेहामेहा या राजाने १८१० मध्ये पूर्ण केले. पुढे २८ नोव्हेंबर १८४३ रोजी ब्रिटन व फ्रान्स यांनी संयुक्त घोषणेद्वारे या पॉलिनेशियन राज्याच्या स्वातंत्र्याला मान्यता दिली. तथापि कागदावरील मान्यता आणि व्यवहारातील प्रतिष्ठा यांत मोठे अंतर होते. १८४९ मध्ये फ्रेंच नौदलाने होनोलुलुच्या किल्ल्याची नासधूस केली. या वादाच्या निराकरणासाठी युरोपात पाठविलेल्या शिष्टमंडळात लॉट व अलेक्झांडर लिहोलिहो हे दोन राजबंधू होते. परतताना १८५० मध्ये, अमेरिकेत, अलेक्झांडरला केवळ वर्णामुळे रेल्वेच्या डब्यातून बाहेर जाण्यास फर्माविण्यात आले. हे दोघेही पुढे अनुक्रमे पाचवा व चौथा कामेहामेहा म्हणून गादीवर आले. हवाईच्या सर्वोच्च राजसन्मानाचा विचार करताना ही पार्श्वभूमी दृष्टिआड करता येत नाही.

सन्मानाची स्थापना व मानचिन्ह :
पाचव्या कामेहामेहाने ११ एप्रिल १८६५ रोजी आपल्या आजोबांच्या, म्हणजे पहिल्या कामेहामेहाच्या, स्मरणार्थ हा सन्मान स्थापन केला. ग्रँड क्रॉस, कमांडर व कंपॅनियन अशा त्याच्या तीन श्रेणी होत्या. राज्यसेवा करणाऱ्या स्वकीयांबरोबरच परकीयांनाही तो दिला जात असे.

तत्पूर्वी हवाईत राजचिन्हे नव्हती असे मुळीच नाही. पिवळ्या व तांबड्या पिसांचा ‘आहू उला’ हा झगा आणि उंच दांड्यावर पिसांचा गुच्छ असलेली ‘काहिली’ ही उच्चकुलीनांची प्राचीन चिन्हे होत. आपल्याकडील मोर्चेलाशी काहिलीचे काहीसे साम्य आहे. परंतु या चिन्हांचा अर्थ युरोपीय दरबारांना उमगत नव्हता. नव्या मानचिन्हाने त्यांना परिचित असा आकार स्वीकारला : पांढऱ्या मिन्याचा आठ टोकांचा क्रूस आणि त्यावर राजमुकुट. मध्यभागी संस्थापक राजाच्या नावाचे आद्याक्षर होते. मागील बाजूस मात्र ‘ए होओकानाका’, म्हणजे ‘पुरुषार्थी हो’, हे हवाई भाषेतील वचन कोरलेले होते. चौकट परकीय, आशय स्वकीय, असे या घडणीचे स्वरूप आहे. यास निव्वळ अनुकरण म्हणणे उथळपणाचे ठरेल.

राजनैतिक उपयोग :
या साधनाचा सर्वाधिक उपयोग कालाकाऊआ राजाने केला. १८७४ मध्ये राज्यारूढ होताच त्याने स्वतःच्या नावाचा वेगळा सन्मान निर्माण केला. १८८१ च्या जगप्रवासात तो जपान, सयाम या देशांत तसेच कलकत्ता व मुंबई येथेही गेला. या प्रवासात निरनिराळ्या राजदरबारांशी सन्मानचिन्हांची देवाणघेवाण झाली. सन्मान द्यायचा आणि परतफेडीत स्वीकारायचा, हा व्यवहार समान दर्जाच्या सत्ताधीशांतच शोभतो. जपानच्या सम्राटाने त्यास क्रिसँथेममचा सन्मान दिला. ब्रिटनकडून मात्र ‘सेंट मायकेल व सेंट जॉर्ज’ हा सन्मान मिळाला. हा सन्मान प्रामुख्याने वसाहतींच्या व परराष्ट्रीय सेवेसाठी दिला जाई, हे येथे लक्षणीय आहे. १८८६ मध्ये पॉलिनेशियन संघराज्याच्या कल्पनेतून त्याने ‘स्टार ऑफ ओशनिया’ हा आणखी एक सन्मान स्थापिला. पुढच्याच वर्षी, जुलै १८८७ मध्ये, सशस्त्र दडपणाखाली त्यास आपले अधिकार संकुचित करणाऱ्या संविधानावर स्वाक्षरी करावी लागली.

१८९३ नंतर :
१७ जानेवारी १८९३ रोजी राणी लिलिउओकालानी हिला पदच्युत करण्यात आले आणि सन्मान देणारी राजसत्ताच संपली. १८९८ मध्ये अमेरिकेने बेटे आपल्या राज्यात सामील केली. राजपुत्र जोना कुहिओ याने १९०३ मध्ये या सन्मानाचे बंधुसंस्थेच्या रूपात पुनरुज्जीवन केले. दर वर्षी जूनमधील कामेहामेहा दिनी तिचे सदस्य तांबड्या-पिवळ्या झुलींत उपस्थित असतात. हा दिनही पाचव्या कामेहामेहानेच १८७१ मध्ये घोषित केला होता. मूळ सन्मान परकीयांसाठीही खुला होता. पुनरुज्जीवित संस्थेचे सदस्यत्व मात्र हवाई वंशाच्या पुरुषांसाठी आहे.