बंद संगणकाची जागी स्मृती

घरातील जुना संगणक एके दिवशी सुरूच होत नाही. दुरुस्तीचा खर्च परवडेनासा वाटतो आणि ते धूड पोटमाळ्यावर जाऊन बसते. दिवाळीच्या साफसफाईत ते भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढते. अडगळ गेली, वर चार पैसेही मिळाले, असे समाधान आपल्याला वाटते. मात्र त्या हातगाडीवरून आपले पासबुकही गेलेले असू शकते!

संगणक सुरू न होण्याचे कारण पुष्कळदा वीजपुरवठा संचात किंवा मदरबोर्डमध्ये असते. माहिती साठवणारी हार्ड डिस्क धडधाकटच असते. ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की खात्याची विवरणपत्रे, पॅन व आधार कार्डांच्या प्रती, प्राप्तिकराची कागदपत्रे आणि ब्राउझरमध्ये जतन केलेले पासवर्ड परक्याच्या हाती लागू शकतात.

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील सिम्सन गारफिंकेल व अभि शेलाट यांनी २००० ते २००२ या काळात १५८ वापरलेल्या हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यांपैकी १२९ वाचता आल्या आणि केवळ १२ योग्य रीतीने पुसलेल्या आढळल्या. इतरांत ५,००० हून अधिक क्रेडिट कार्ड क्रमांक सापडले. एक डिस्क तर एटीएम यंत्रातील असावी असे दिसले. तिच्यात खाते क्रमांक होते. त्यांचा हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला.

आधी माहिती, मग यंत्र

संगणकाची वायर भिंतीतील सॉकेटमधून काढावी. डेस्कटॉपच्या पेटीची बाजूची झडप उघडली की हार्ड डिस्क दिसते. स्क्रू व दोन जोडण्या सोडवल्या की ती बाहेर येते. वीजपुरवठा संच मात्र कधीही उघडू नये. वीज बंद केल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक भार उरू शकतो. लॅपटॉपची बॅटरी फुगली असेल, तर तिला दाबू वा टोचू नये. काम तंत्रज्ञाकडे सोपवावे, परंतु डिस्क आपल्यासमोर काढून घ्यावी.

ही डिस्क यूएसबी जोडणीच्या साहाय्याने दुसऱ्या संगणकावर वाचता येते. हवी ती छायाचित्रे व कागदपत्रे उतरवून घ्यावीत आणि मगच ती पुसावी. फाइल रीसायकल बिनमध्ये टाकणे किंवा 'क्विक फॉरमॅट' करणे पुरेसे नाही. त्याने पुस्तकाची अनुक्रमणिका फाटते, पाने शाबूत राहतात. संपूर्ण डिस्कवर नवी माहिती लिहिणारी आज्ञावली वापरावी. एसएसडी प्रकारच्या साठवणीत अशा लेखनाने सर्व कप्पे पुसले जातीलच असे नाही. तेथे उत्पादकाने दिलेली 'सिक्युअर इरेज' सुविधा वापरावी.

डिस्कच निकामी असेल, तर ती नष्ट करणे उत्तम. साध्या डिस्कच्या तबकड्यांना आरपार भोके पाडावीत. काही तबकड्या काचेच्या असतात, म्हणून डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवा. एसएसडीतील प्रत्येक चिप फुटली पाहिजे. डिस्क जाळणे मात्र सर्वथा टाळावे. काही नव्या लॅपटॉपमध्ये साठवण मदरबोर्डलाच जोडलेली असते; असा लॅपटॉप माहिती नष्ट केल्याचे प्रमाणपत्र देणाऱ्या अधिकृत संस्थेकडेच द्यावा.

भंगारात नको, योग्य हाती द्या

संगणकात तांबे आणि अल्प प्रमाणात सोनेही असते; तसेच विषही असते. जुन्या जाड पडद्याच्या काचेत शिसे, तर जुन्या एलसीडी पडद्यांच्या दिव्यांत पारा असतो. दिल्लीतील सीलमपूर व उत्तर प्रदेशातील मुरादाबाद येथे तांब्यासाठी तारा जाळल्या जाणे, सोन्यासाठी सर्किट आम्लात बुडवले जाणे, हे अनेकदा नोंदले गेले आहे. त्या धुराची किंमत तेथील कामगार आणि त्यांची मुले मोजतात.

आपल्या देशात ई-कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम २०११ मध्ये आले व १ मे २०१२ पासून लागू झाले. २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आहेत. त्यांनुसार उत्पादकांवर ई-कचऱ्याच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी आहे आणि पुनर्चक्रण करणाऱ्यांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. म्हणून प्रथम संगणकाच्या उत्पादकाकडे परत घेण्याच्या सोयीची चौकशी करावी, अथवा नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्र गाठावे. यंत्र सोपवताना पावती अवश्य घ्यावी.

संगणक पूर्वीच भंगारात गेला असेल, तर आजच दुसऱ्या सुरक्षित उपकरणावरून ई-मेल व नेट बँकिंगचे पासवर्ड बदलावेत आणि खात्यातील व्यवहारांवर लक्ष ठेवावे. अनोळखी व्यवहार दिसताच बँकेला त्वरित कळवावे.

जुना धनादेश आपण फाडून टाकतो. जुन्या डिस्कलाही तोच न्याय लावावा. खात्याची राखण बँक करतेच, पण घरातील अडगळीची राखण ग्राहकालाच करावी लागते.