टेम्पलच्या डोक्यातले बूट

‘टेम्पल ग्रँडिन’ या सिनेमात विज्ञानाचे शिक्षक कार्लॉक शाळकरी टेम्पलला विचारतात, आजवर पाहिलेले सगळे बूट तुला डोळ्यांसमोर आणता येतील का? तिला प्रश्नच विचित्र वाटतो. तुम्हाला नाही येत? आणि पडद्यावर बुटांमागून बूट धावत सुटतात. सगळा मामला काही सेकंदांचा. पण ऑटिझम असलेली माणसं चित्रांतून विचार करतात, ही समजूत घरोघरी पोचवण्याचं श्रेय, आणि थोडं खापरही, या काही सेकंदांना द्यायला हवं.

एचबीओने हा सिनेमा फेब्रुवारी २०१० मध्ये दाखवला. त्यामागे निर्मात्या एमिली गर्सन सेन्स यांची दहाएक वर्षांची खटपट होती. त्यांच्या मुलाला ऑटिझम असल्याचं निदान झालं, त्या काळात, जिच्यावर हा सिनेमा आहे त्या खऱ्या टेम्पल ग्रँडिनबाईंचं, म्हणजे स्वतः ऑटिझम असलेल्या आणि गुरांसाठी यंत्रणा आखणाऱ्या बाईंचं, लेखन त्यांच्या हाती लागलं आणि मग त्यांनी विषय सोडला नाही. दिग्दर्शक मिळाला मिक जॅक्सन. हा ‘द बॉडीगार्ड’वाला म्हणून ओळखला जातो, पण त्याची उमेदवारी झाली बीबीसीच्या विज्ञानमालांत; ‘द असेंट ऑफ मॅन’ आणि ‘कनेक्शन्स’ या मालिकांवर त्याने काम केलेलं. ते इथे कामी आलं. मनातलं चित्र दाखवायचं म्हटलं की सिनेमावाले कडा धूसर करतात, धूर सोडतात, मागे बासरी लावतात. जॅक्सनने टेम्पल फाटकाकडे बघते तेव्हा त्याच फाटकावर नकाशातल्यासारख्या रेघा आणि मापं उमटवली. स्वप्नाळूपणाचा लवलेश नाही, सगळं इंजिनिअरच्या टेबलावरचं.

टेम्पलचं काम केलं क्लेअर डेन्सने. ग्रँडिनबाई न्यूयॉर्कमध्ये तिच्या घरी आल्या, काही तास बोलत बसल्या. डेन्सने ते बोलणं रेकॉर्ड केलं आणि पुढे तेच ऐकत भूमिकेची तयारी केली. त्यांच्या व्याख्यानांच्या जुन्या व्हिडिओ टेपही तिने मागून घेतल्या. ते बरोबरच होतं. व्यासपीठाला सरावलेल्या ग्रँडिनबाई वेगळ्या आणि वीस-बावीस वर्षांची ती मुलगी वेगळी. २०१० च्या एमी पुरस्कारांत सिनेमाने एकूण सात बाहुल्या उचलल्या. मुख्य सोहळा झाला २९ ऑगस्टला. त्या दिवशी ग्रँडिनबाईंना ६३ वर्षं पूर्ण होत होती. काउबॉयसारखा शर्ट घालून आल्या होत्या, हे सांगायला नकोच.

सिनेमातला सगळ्यात चांगला किस्सा मात्र कॅमेऱ्याने रचलेला नाही, तो अ‍ॅरिझोनात खरोखर घडलेला आहे. अंगावरचे किडे मारायला गुरांना औषधाच्या खोल हौदातून पोहत न्यायचं, अशी तिथली पद्धत. हौदात उतरायचा उतार गुळगुळीत असे. जनावराचा पाय घसरला की ते बिथरायचं, मागच्या मागे उलटायचं आणि कधी कधी बुडायचं. ग्रँडिनबाईंनी गुराच्या नजरेच्या उंचीवरून तो सगळा रस्ता मनातल्या मनात चालून पाहिला. मग सिमेंटचा उतार आखला, त्याला खोल खाचा ठेवल्या. औषधाच्या गढूळ पाण्यामुळे तो उतार तसाच पुढे जातोय असं वाटायचं; प्रत्यक्षात पाण्याखाली तो एकदम संपायचा. जनावर शांतपणे पावलं टाकत यायचं आणि डुबकन आत.

गुराख्यांना हे पटेना. आपल्या पायांनी कोणतं जनावर पाण्यात शिरेल? त्यांनी उतारावर लोखंडी पत्रा टाकला. पहिल्याच दिवशी दोन गुरं बुडाली. मग पत्रा निघाला आणि यंत्रणा सुरळीत चालली. बाईमाणसाने कागदावर काढलेल्या रेघांवर भरवसा ठेवायची त्या मंडळींची तयारी नव्हती, एवढाच याचा अर्थ. तिला मात्र गुरं कागदाच्या आधीच चालताना दिसत होती.

आता गंमत पुढे आहे. सगळं जग आपल्यासारखंच चित्रांत विचार करतं, असं ग्रँडिनबाईंना मोठेपणीपर्यंत वाटत होतं. चर्चचा मनोरा डोळ्यांसमोर आणा, असं त्या लोकांना सांगू लागल्या तेव्हा कळलं की बहुतेकांना एक ढोबळ टोकदार आकार दिसतो. त्यांना स्वतःला मात्र प्रत्यक्ष पाहिलेले ठरावीक मनोरे एकापाठोपाठ एक दिसत. १९९५ च्या ‘थिंकिंग इन पिक्चर्स’ या पुस्तकात त्या दुसऱ्या टोकाला गेल्या: ऑटिझम असलेले सगळेच असे. पुढे बरेच जण भेटले, बोलले, आणि बाईंनी विधान मागे घेतलं. २०१३ च्या ‘द ऑटिस्टिक ब्रेन’मध्ये त्या तीन प्रकार सांगतात: वस्तूंची हुबेहूब चित्रं बघणारे, गणित-संगीतासारखे आकृतिबंध पकडणारे आणि शब्दांत विचार करणारे. सिनेमाला अशी सुधारित आवृत्ती नसते.

आता दुसरं टोक: मनात चित्रंच न दिसणारी माणसं. त्यांची कथा वेगळ्याच दाराने आली. ब्रिटनमध्ये इमारतींचे सर्वेक्षक म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ, वय ६५. हृदयाच्या रक्तवाहिनीवर उपचार झाले आणि त्यानंतर मनातली चित्रंच गेली. न्यूरॉलॉजिस्ट अ‍ॅडम झीमन यांनी २०१० मध्ये त्यांच्यावर शोधनिबंध लिहिला. ‘डिस्कव्हर’ मासिकाने ही हकिगत छापली, तर वाचकांची पत्रं येऊ लागली: आम्हाला तर जन्मापासूनच काही दिसत नाही! २०१५ मध्ये झीमन यांनी याला अफँटेशिया हे नाव दिलं. यात पिक्सारचे सहसंस्थापक एड कॅटमल निघाले, ‘लिटल मरमेड’मधली एरियल रेखाटणारे ग्लेन कीनही निघाले. कॅटमल यांनी मग पाचशेवर सहकाऱ्यांची चाचणी घेतली. चित्रकारांपेक्षा निर्मितीचं वेळापत्रक सांभाळणाऱ्या मॅनेजर मंडळींची चित्रं किंचित जास्त ठसठशीत निघाली.

या लोकांमध्ये ऑटिझमची लक्षणं किती, हे ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासलं आणि निष्कर्ष २०२१ मध्ये छापले. चित्रं न दिसणाऱ्यांत ही लक्षणं सरासरीने जास्त भरली. म्हणजे सिनेमाने शिकवलं त्याच्या बरोबर उलट. (लक्षणं जास्त म्हणजे निदान झालं असं नव्हे, ती कमी-अधिक प्रमाणात सगळ्यांत असतात.)

इथे पडद्यामागे डोकवायला हवं. ही लक्षणं मोजतात एका प्रश्नावलीने. सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी केंब्रिजमध्ये बनवलेली, २००१ सालची. पन्नास विधानं, पाच विभाग, प्रत्येकी दहा. एक विभाग कल्पनाशक्तीचा. त्यात मनात चित्र उभं करणं सोपं जातं का, गोष्ट वाचताना पात्रं कशी दिसत असतील ते कल्पिता येतं का, अशा अर्थाची विधानं आहेत. ‘नाही’ म्हटलं की ऑटिझमच्या खात्यात एक गुण. म्हणजे ज्याला चित्रं दिसत नाहीत त्याचे गुण प्रश्नाच्या रचनेनेच वाढणार. आणि ग्रँडिनबाईंनी चित्राच्या विधानाला मनापासून ‘हो’ म्हटलं, तर तिथे त्यांना शून्य.

मग ससेक्सचा निकाल फुसका म्हणायचा का? तसंही नाही. कल्पनाशक्तीखेरीज आणखी एका विभागात फरक ठळक दिसला, तो सामाजिक कौशल्याचा. समारंभ आवडतात का, नवी माणसं भेटलेली आवडतात का, चेहऱ्यावरून मन ओळखता येतं का, असली ती विधानं. त्यांत मनातल्या चित्रांचा चकार शब्द नाही. त्यामुळे सगळं बिल त्या दोन विधानांच्या नावावर फाडता येत नाही.