गटाच्या हिशेबाला कुलूप लावा

आष्टी तालुक्यातल्या ज्या गटांनी सोयाबीनच्या वजनाची वही आता गूगल शीटवर घेतली असेल, त्यांच्यासाठी हा मजकूर आहे.

समजा, एका सभासदाचे वजन १८.४० क्विंटल भरले आणि भाव ४,३०० रुपये लागला. रकमेच्या रकान्यातले सूत्र दोन्हींचा गुणाकार करून ७९,१२० दाखवते. कोणीतरी 'थांबा, मीच भरतो' म्हणून तिथे तोच आकडा हाताने टाकला की सूत्र पुसले जाते. आकडा बरोबरच दिसतो, त्यामुळे कोणाच्या ध्यानात येत नाही. उद्या फेरवजनात १७.९० भरले आणि वजन दुरुस्त केले, तरी रक्कम तिथेच! २,१५० रुपये जास्तीचे गेले. ते कोणाच्या चुकाऱ्यातून कापायचे? गट फुटायला एवढे पुरते.

आपला सातबारा आठवा. नमुना ७ मधले नाव कोणी मनाने बदलू शकत नाही. फेरफार घ्यावा लागतो, मंडळ अधिकाऱ्याने तो प्रमाणित करावा लागतो. नमुना १२ मधले पीक मात्र २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाईलवरून भरतो. गटाच्या शीटचेही असेच करायचे.

हे काम संगणकावर बसून करा. 'डेटा'मध्ये 'प्रोटेक्ट शीट्स अँड रेंजेस' उघडा. पूर्ण शीट बंद करून 'एक्सेप्ट सर्टन सेल्स'वर खूण करा आणि फक्त वजनाचा रकाना मोकळा सोडा. पुढे नुसती सूचना दाखवण्याचाही पर्याय येतो. त्याच्या नादी लागू नका, माणूस ओके दाबून पुढे जातोच. 'रिस्ट्रिक्ट' निवडून सचिव आणि आणखी एक सभासद, अशा दोघांनाच परवानगी ठेवा. वजनाच्या रकान्यात 'डेटा व्हॅलिडेशन'ने फक्त आकडा घेण्याची अट घाला, नाहीतर कोणी '१८ क्विं. ४० किलो' लिहितो आणि गुणाकार अडतो.

फाईल ज्याच्या खात्यावर आहे, त्याला मात्र कुलूप लागत नाही. एखाद्या हौशी पोराने ती स्वतःच्या ई-मेलवर काढली आणि तो पुण्याला नोकरीला गेला, की किल्लीही त्याच्यासोबत गेली. म्हणून गटाचे वेगळे खाते काढा.

लिंक सरसकट वाटू नका. एकेकाचा ई-मेल जोडला तर 'व्हर्जन हिस्टरी'त कोणी काय बदलले ते नावासकट दिसते, जुना आकडाही परत आणता येतो. बंद केलेला रकाना सगळ्यांना दिसतोच, त्याची नक्कलही निघते. तेव्हा बँक खात्याचे आणि आधारचे नंबर या शीटमध्ये नकोच, ते सचिवाच्या वहीत बरे.